पाठ भिंतीला टेकते तेव्हा : वाइड प्राइमबद्दल वाचकांचे प्रश्न

२४ ते ३५ मिमी या पट्ट्यातल्या वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्सबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या वेळी घेतली आहेत. आलेल्या बहुतेक पत्रांत एफचा आकडा (छिद्र किती मोठं उघडतं ते; आकडा लहान, छिद्र मोठं) आधी विचारला आहे आणि उभं कुठे राहणार याचा उल्लेखच नाही. उत्तरं त्यामुळे थोडी उलट्या बाजूने सुरू होतात.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे. ‘पस्तीस म्हणजे सगळ्यात सोयीची लेन्स’ असं सगळीकडे वाचून डीएक्स (निकॉनच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) ३५ मिमी एफ १.८ घेतली. फोटो झकास येतात, पण घरात दोघा-तिघांचा फोटो काढायचा म्हटलं की मागे सरकत सरकत पाठ भिंतीला लागते. लेन्स चुकीची घेतली का? (सातारा)

उत्तर : लेन्स चांगली आहे, आकड्याने घात केला. पस्तीसची तारीफ करणारे बहुतेक जण फुल फ्रेम कॅमेऱ्याबद्दल बोलत असतात. त्याचा सेन्सर (चित्र टिपणारी पट्टी) ३६ मिमी रुंद, तुमचा २३.५. लेन्स तेवढंच चित्र टाकते, पण तुमचा सेन्सर त्यातला मधलाच तुकडा उचलतो. त्यामुळे तुमची ३५ ही फुल फ्रेमवरच्या ५२ सारखी वागते. तुम्ही वाइड घ्यायला गेलात आणि नॉर्मल घेऊन आलात.

‘दीडने गुणा’ हे सगळेच सांगतात, पण ते फुटांत आणलं तरच उपयोगी पडतं. सेन्सरच्या रुंदीला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याने, भागा आणि येईल त्या आकड्याने अंतराला गुणा, म्हणजे चौकटीत किती रुंदी मावेल ते कळतं. तुमच्या कॅमेऱ्यावर ३५ साठी हा आकडा ०.६७ येतो. दहा बाय बाराच्या खोलीत सोफ्याची खोली आणि कॅमेऱ्यामागचं तुमचं डोकं वजा केलं की हातात साधारण नऊ फूट उरतात. नऊ फुटांवरून ३५ मिमी दाखवते सहा फूट. तीन जणांचा सोफाच साडेसहा फुटांचा! त्याच जागेवरून २४ मिमी पावणेनऊ फूट दाखवते आणि १८ मिमी पावणेबारा.

यातली एक जोडी पाठच करून ठेवा. तुमच्यासारख्या लहान, म्हणजे क्रॉप, सेन्सरवर २४ आणि फुल फ्रेमवर ३५ या लेन्सना जेवढं अंतर तेवढीच चौकटीची रुंदी मिळते, आणि उंची तिच्या दोन तृतीयांश. दहा फुटांवर उभे राहिलात तर आडव्या चौकटीत दहा फूट रुंदी आणि पावणेसात फूट उंची. साडेपाच फुटी माणूस डोक्यावर-पायाखाली थोडी मोकळी जागा ठेवून नेमका बसतो. ही लेन्स महिनाभर वापरली की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच पाय बरोबर जागी थांबतात. प्राइमचा खरा फायदा हाच.

नवीन लेन्स घ्यायच्या आधी एक करा. किट झूम (कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५) २४ वर आणा, रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून ती पक्की करा आणि पंधरा दिवस तशीच वापरा. नंतर पट्टी १८ वर. पट्टी काढायचा मोह कुठे होतो ते लक्षात ठेवा. जुन्या फोटोंची माहिती काढून ‘मी कोणत्या फोकल लेंग्थला जास्त काढतो’ हे मोजायची पद्धत आहे, पण ती झूमच्या बाबतीत दिशाभूल करते. ढीग नेहमी १८ आणि ५५ वर दिसतो, कारण रिंग तिथे अडते. मधल्या आकड्यांवर जे मुद्दाम थांबून काढलेले फोटो असतील, तेवढेच मोजा.

आता घ्यायचं काय? इथे जरा पंचाईत आहे. डीएक्स डीएसएलआरसाठी निकॉनने २४ च्या आसपासची छोटी, स्वस्त प्राइम काढलीच नाही. एएफ-एस २४ मिमी एफ १.८जी चालेल, पण ती फुल फ्रेमसाठी बनवलेली, ३५५ ग्रॅमची, ७२ मिमी फिल्टरची आणि त्या मानाने महाग. जुनी एएफ २४ मिमी एफ २.८डी स्वस्तात मिळते, पण तुमच्या बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यात, फोकसची मोटर नाही. त्यामुळे तिच्यावर हाताने फोकस करावा लागेल. आमचं मत विचाराल तर या बॉडीवर आणखी पैसे घालू नका. माणसांसाठी आहे ती ३५, खोलीसाठी किट लेन्स १८ ते २४. पुढेमागे निकॉनच्याच झेड माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसते ते कडं) क्रॉप कॅमेऱ्याकडे गेलात तर तिथे २४ मिमी एफ १.७ आहे. वजन अवघं १३५ ग्रॅम, फिल्टर ४६ मिमी. तुम्हाला हवी होती ती लेन्स तीच, पण ती डी५६०० ला लागत नाही.

प्रश्न : कॅमेरा अजून घेतलेला नाही. २८ आणि ३५ मधला फरक फोनवर बघता येईल का? (डोंबिवली)

उत्तर : येईल, आणि फुकटात. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ ते २६ मिमीच्या तोलाचा असतो. तो २४ चा असेल तर १.२ पट केल्यावर २८ आणि १.५ पट केल्यावर ३५ च्या जवळची चौकट दिसते; काही महागड्या आयफोनमध्ये तर २४, २८, ३५ अशी बटणंच आहेत. फोनची चौकट चारास तीन असल्यामुळे रुंदीत किंचित फरक पडतो, तो सोडून द्या. मात्र मागच्या धूसरपणाचा अंदाज फोनवरून बांधू नका. तिथे फोनचा सेन्सर इतका लहान असतो की तुलनाच होत नाही, आणि पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा गणिताने चिकटवलेला असतो.

प्रश्न : लग्नसमारंभाचे फोटो काढतो. फुल फ्रेम बॉडी आहे. लहान कार्यालयात स्टेजसमोर जागा नसते म्हणून २४ घेतली, तर ग्रुप फोटोत कडेचे लोक जाड दिसतात आणि मग तक्रारी येतात. २८ किंवा ३५ घेतल्याने फरक पडेल का? दोन रांगांच्या ग्रुपला छिद्र किती ठेवावं? (कोल्हापूर)

उत्तर : तक्रार खरी आहे, आणि त्यात लेन्सचा काही दोष नाही. सरळ रेषा सरळ ठेवणारी कोणतीही वाइड लेन्स कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. भिंत, पडदा, पाटी असल्या सपाट गोष्टींना ताण दिसत नाही. डोकं, खांदे, पोट यांना दिसतो. एका सरळ रांगेतल्या अगदी कडेच्या डोक्याची रुंदी ५० मिमीवर सुमारे ६ टक्के वाढते, ३५ वर १२, २८ वर १९ आणि २४ वर २५ टक्के. चेहरा सव्वापट रुंद झाला तर मामी चिडणारच. सॉफ्टवेअरमधलं ‘लेन्स करेक्शन’ इथे काही करत नाही, कारण ते रेषांचा बाक काढतं आणि हा ताण रेषा सरळ असण्यातूनच येतो.

रांग चंद्रकोरीसारखी पुढे वळवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. वाइड लेन्सवर तो उलटा पडतो. कडेची माणसं कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे आली की ती मुळातच मोठी दिसतात, त्यात हा ताण मिसळतो. शिवाय फोकस सपाट पातळीत असल्यामुळे ती त्यातूनही बाहेर जातात. रांग सरळ ठेवा. जमल्यास कडेच्या दोघांना अर्धं पाऊल मागे घ्या. अंगाने भरलेली माणसं मध्ये, सडपातळ आणि लहान मुलं कडेला. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि पूर्ण समतल धरा. तो खाली वाकला की पाय आखूड होतात आणि डोकी मोठी दिसतात.

चौकटीच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा टक्के जागा मोकळी सोडली तर २४ चा ताणही ३५ इतकाच उरतो. पण मग बारकाईने बघा, तुम्ही २४ ने काढून ३५ ची चौकट कापून घेताय. म्हणजे उभं राहायला जागा होती! ग्रुपसाठी ३५ ठेवा आणि २४ हॉल, सजावट, पंगत यांना. एकच घ्यायची असेल आणि कार्यालयं खरोखर अडचणीची असतील तर २८ हा तोडगा ठीक आहे. दहा फुटांवरून ३५ ला सव्वादहा फूट रुंदी मिळते, २८ ला जवळपास तेरा. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला दीड फूट धरलं तर ३५ मध्ये सहा माणसं आणि बाजूला मोकळीक, २८ मध्ये सात-आठ.

छिद्राचं असं आहे. ३५ मिमी, दहा फुटांवर फोकस, फुल फ्रेम. एफ १.८ ला सगळी मिळून सुमारे ऐंशी सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. ऐकायला पुरेशी वाटते, पण ती पुढेमागे विभागलेली असते: फोकसच्या पुढे पस्तीस सेंटिमीटर, मागे पंचेचाळीस. मागची रांग दोन फुटांवर, म्हणजे साठ सेंटिमीटरवर, उभी असेल तर ती हातची गेली. एफ २.८ ला मागे पाऊण मीटर मिळतो, म्हणजे जेमतेम. एफ ४ ला मागे सव्वा मीटर. तेव्हा एफ ४ ठेवा आणि फोकस पुढच्या रांगेतल्या मधल्या चेहऱ्याच्या डोळ्यावर घ्या. मधल्या मोकळ्या जागेत फोकस घेऊ नका. कॅमेरा हमखास मागच्या फुलांची माळ पकडतो.

कार्यालयातल्या एलईडीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एफ ४ वर आलात की हा प्रश्न येणारच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर (प्रकाश आत येतो तो वेळ, सेकंदात) १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक फोटोत पूर्ण लुकलुक येते आणि उजेड सारखा राहतो. १/२५० वर गेलात की एक फोटो पिवळट, दुसरा काळपट, आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर अंगावर आडवे पट्टे. ग्रुपला १/१०० पुरतं. लोकांना ‘हलू नका’ सांगून तीन फोटो घ्या. एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळतात.

प्रश्न : कॅनन आर५० आणि सोबतची १८-४५ आहे. गिरगावातल्या गल्ल्या, संध्याकाळ, गणपतीचे मंडप. एकच प्राइम घ्यायची आहे. १६ एफ २.८, २४ एफ १.८ की २८ एफ २.८? (मुंबई)

उत्तर : तुमच्या बॉडीला १.६ ने गुणायचं. म्हणजे १६ होते २५.६ सारखी, २४ होते ३८ सारखी आणि २८ होते ४५ सारखी. २८ ची फक्त १२० ग्रॅमची चकती खिशात मावते हे खरं, पण गल्लीत ती वाइड राहत नाही. ती बाद.

उरल्या दोन. किट लेन्स २४ च्या आसपास एफ ५ वर असते. तिथून एफ २.८ ला आलात तर प्रकाश तिप्पट, एफ १.८ ला आलात तर जवळपास आठपट. मंडपाबाहेर चालत्या माणसाला थांबवायला १/२०० शटर हवं. त्यासाठी किट लेन्सवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागत असेल तर २.८ वर २००० लागेल आणि १.८ वर ८००. आर५० वर ६४०० आणि ८०० मधला फरक कुणालाही दिसतो.

आमचा कौल २४ एफ १.८ ला. तिच्यात स्थिरीकरण आहे, जे तुमच्या बॉडीत नाही. आरतीचं तबक, मखरातलं काम असं जवळचं काढायला ती मॅक्रो करते, सेन्सरवर वस्तूच्या अर्ध्या आकारापर्यंत. वजन २७० ग्रॅम. स्थिरीकरणाबद्दल एक गैरसमज मात्र असतो: ते तुमचा हात सावरतं, समोरच्या ढोलवाल्याचा नाही. मूर्तीला १/१५ चालेल, ढोलताशाला चालणार नाही. सिग्माची २३ एफ १.४ ही क्रॉपसाठीची लेन्सही आता तुमच्या कॅमेऱ्याच्या आरएफ माउंटमध्ये मिळते. ती आणखी उजळ आहे, पण तिच्यात स्थिरीकरण नाही. माणसंच काढायची असतील तर ती बघा.

१६ कधी घ्यायची? मंडपाच्या आतून, चार-पाच फुटांवरून पूर्ण मूर्ती हवी असेल तेव्हा. १६५ ग्रॅमची, स्वस्त आणि मजेची लेन्स आहे. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती न करता उघडलीत तर खांब पिंपासारखे फुगलेले दिसतील. घाबरू नका. तिची रचनाच सॉफ्टवेअर दुरुस्ती गृहीत धरून केलेली आहे.

दिवसाउजेडी गल्लीत फोकसची वाट न बघता फोटो काढायचा असेल तर २४, एफ ८, फोकस साडेबारा फुटांवर. सव्वासहा फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. अडचण एवढीच की या लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले नाहीत. साडेबारा फुटांवरच्या कशावर तरी, दुकानाच्या पाटीवर म्हणा, ऑटोफोकस घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका. कॅमेरा बंद करून चालू केलात तर हे पुन्हा करा, कारण फोकस रिंग यांत्रिक नाही आणि आधीची जागा तशीच राहील याचा भरवसा नसतो.

आणि हूडचे (बाजूचा उजेड अडवणाऱ्या, लेन्सच्या तोंडावरच्या कड्याचे) पैसे वेगळे धरा. कॅननच्या लाल पट्टी नसलेल्या, म्हणजे महागड्या एल मालिकेबाहेरच्या, लेन्सबरोबर सहसा हूड येत नाही, आणि मंडपाच्या दिव्यांत तो लागतोच.

प्रश्न : २४ मिमीला पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावला तर आकाशात मध्येच गडद डाग येतो. फिल्टर खराब आहे का? (नाशिक)

उत्तर : फिल्टर ठीक आहे. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाच्या पट्ट्यावर पोलरायझरचा परिणाम सगळ्यात जास्त होतो, आणि तुमची लेन्स ७४ अंश रुंद आकाश एका चौकटीत घेते. त्यात तो पट्टाही येतो आणि परिणाम नसलेला भागही. २८ लाही हे दिसतं, ३५ ला बरंच कमी. आकाश चौकटीत असेल तर फिल्टर काढा. पावसाळ्यात घाटातली ओली पानं आणि धबधब्याच्या दगडांवरची चमक काढायला मात्र तो ठेवा, तिथे त्याला पर्याय नाही. दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), तेवढा हिशेबात धरा.

प्रश्न : निकॉन डी७५० साठी एएफ ३५ मिमी एफ २डी सेकंडहँड मिळतेय. बघायला जाताना काय काय तपासू? (पुणे)

उत्तर : डी७५० मध्ये मोटर आहे, त्यामुळे ऑटोफोकस चालेल. २०५ ग्रॅम, ५२ मिमी फिल्टर, पाव मीटरपर्यंत जवळ जाते. फुल फ्रेमवर रोज वापरायला छान. स्वतःची बॉडी, रिकामं कार्ड आणि टॉर्च घेऊन जा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली घाईत बघू नका.

आधी बाहेरून. फिल्टरच्या आट्यांवर चेप आहे का? असेल तर लेन्स पडली होती. माउंटच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली आहेत का? असतील तर ती उघडली गेली आहे, आणि कोणी उघडली ते विचारा. लेन्स कानाजवळ हलवून आत काही खुळखुळतं का ते ऐका.

मग दोन्ही झाकणं काढून छिद्राची रिंग एफ २ वर आणा. मागून टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. दोन-चार धुळीचे कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, फोटोत येत नाहीत. कडेकडून आत पसरणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. सगळ्या काचेवर दुधट पडदा दिसला तर आतलं वंगण वाफाळून काचेवर बसलं आहे. असा फोटो दिव्यासमोर पांढुरका येतो. काचेच्या कडेला इंद्रधनुषी रिंगण म्हणजे दोन काचांमधला चिकट थर सुटतोय. या तिन्हींत सौदा सोडा. ‘साफ करून देतो’ यावर तर मुळीच जाऊ नका.

आता या लेन्सचं खास दुखणं. छिद्र उघडमीट करणाऱ्या पात्यांवर तेल येण्याबद्दल ती, विशेषतः तिच्या जुन्या प्रती, प्रसिद्ध आहे. रिंग एफ १६ वर फिरवा, मागची छोटी दांडी बोटाने दाबून सोडा. पाती टचकन बंद झाली पाहिजेत. आळसावून मिटली किंवा पात्यांवर ओला चमकदार पट्टा दिसला तर तेल आहे. खात्रीसाठी लेन्स बॉडीवर लावा, रिंग एफ २२ वर लॉक करा, बॉडीवरून एफ १६ निवडा आणि मॅन्युअल एक्स्पोजरवर एकाच भिंतीचे पाच फोटो सलग काढा. पाचही सारखे हवेत. एखादा उजळ आला म्हणजे त्या वेळी पाती वेळेत मिटली नाहीत. हे दुरुस्त होतं, पण तो खर्च किमतीतून वजा करा.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे काचा एका रेषेत आहेत का, ही. पडलेल्या लेन्समध्ये एखादी काच सरकते आणि चौकटीचा एकच कोपरा कायमचा मऊ होतो. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून ही चाचणी करतात, पण कॅमेरा कागदाला तंतोतंत समांतर नसला तर चांगली लेन्सही नापास होते. त्यापेक्षा गच्चीवर जा. शंभर मीटरच्या पुढे, ग्रिल आणि खिडक्या असलेली, चौकट भरेल एवढी इमारत शोधा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) मध्यभागी मोठं करून फोकस घ्या आणि मॅन्युअलवर टाका. एफ २ ला एक, एफ ५.६ ला एक. चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून बघा. एफ २ ला चारही सारखेच मऊ असतील तर तो या लेन्सचा स्वभाव आहे. एफ ५.६ लाही एकच कोपरा वाईट असेल तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढा. इमारतीचा तोच भाग पुन्हा मऊ आला तर दोष तिथल्या अंतराचा. आता दुसराच भाग मऊ झाला, पण सेन्सरचा कोपरा तोच, तर लेन्स परत द्या.

ऑटोफोकस थोडा पुढेमागे पडत असेल तर काळजी नाही. डी७५० मध्ये तो जुळवून घेता येतो. बिल आणि त्यावरचा नंबर लेन्सवरच्या नंबरशी पडताळून घ्या.

प्रश्न : चार महिने पाऊस. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवतो. बरोबर आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : तांदूळ काढा. तो ओलावा फारसा घेत नाही, आणि त्याचा पिठूळ भुगा फोकस रिंगच्या फटीत जातो. चामड्याच्या पाऊचमध्येही ठेवू नका, ते स्वतःच ओल धरून ठेवतं.

बुरशीला साधारण ६० टक्क्यांच्या वरची आर्द्रता मानवते. तुम्हाला ४० ते ५० च्या दरम्यान राहायचं आहे. विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर रबराची कड असलेला दहा लिटरचा हवाबंद डबा, दीड-दोनशे ग्रॅम रंग बदलणारी सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. मापक स्वस्तातला असेल तर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, ते आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ८० दिसलं तर तुमचा मापक पाच टक्के जास्त दाखवतो, तेवढे वजा करत जा.

नारिंगी जेल ओली झाली की हिरवी होते. रंग पालटला की ती १२० अंशांच्या आसपास तास-दीड तास तापवा, थंड करून परत डब्यात टाका. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, म्हणून ती स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. पावसाळ्यात डबा रोज उघडत असाल तर जेल आठवड्यालाही बदलावी लागेल. कमी उघडलात तर महिनाभर टिकेल. ३० टक्क्यांच्या खाली नेण्याचा हट्ट नको.

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून बाहेर काढताना लेन्स बॅगेतच बंद ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा. पुढच्या काचेवरची वाफ पुसता येते, आतल्या काचेवरची नाही. भिजून आलात तर वरचं पाणी मऊ कापडाने टिपा, झाकणं काढून लेन्स पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा आणि मगच डब्यात. ओल्या लेन्सला हवाबंद डब्यात घातलंत तर जेल एका रात्रीत हिरवी होईल आणि शेजारच्या कोरड्या लेन्सनाही ती ओल सोसावी लागेल.